चंद्रकोरी दस्ते

अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची १८७३ च्या मॉडेलची रायफल हातात घेऊन सरळ खांद्याला लावली, तर ती टोचते. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या, मागच्या टोकाला एक लोखंडी पट्टी असते, बटप्लेट. आजच्या रायफलीवर ती सपाट असते, बरेचदा रबराची. या रायफलीवर मात्र ती चंद्रकोरीसारखी आत वळलेली आहे आणि कोरीची दोन्ही टोकं धरणाऱ्याच्या अंगाकडे रोखलेली आहेत. वरचं टोक खांद्याच्या हाडाला लागतं, खालचं काखेच्या अलीकडे मांसात रुततं. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पवर पॉइंट टू टू रायफल शिकवताना उस्तादांनी एकच गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली होती: दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट आणि गाल लाकडाला टेकलेला. त्या शिकवणीने पाहिलं तर ही चंद्रकोर म्हणजे निव्वळ छळ.

पण ती खोबणीसाठी घडवलेलीच नव्हती. ती बसते दंडावर, खांद्याच्या सांध्याच्या जरा बाहेर. उजवं कोपर उंच, जवळजवळ खांद्याच्या रेषेत उचलायचं, शरीर निशाणाला आडवं ठेवायचं आणि दंडाच्या गोलाईवर ती कोर टेकवायची. मग ती टोचत नाही, उलट पकड घेते. रायफल खाली घसरत नाही, वर सरकत नाही. अशी उभं राहायची पद्धत अमेरिकेत या लिव्हर-ॲक्शन (मुठीखालची लिव्हर ढकलून-ओढून पुढचं काडतूस चढवायच्या) रायफलींच्याही कितीतरी वर्षं आधीपासून होती. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे कारागीर ज्या लांबलचक ठासणीच्या रायफली घडवत, त्यांचे दस्ते पुढे हळूहळू असेच खोल वळत गेले. नळी जड, दारू थोडी, गोळी लहान. त्यामुळे मागे बसणारा धक्का किरकोळ. दंडावर टेकवून, शांतपणे उभं राहून एक गोळी झाडायची आणि पुन्हा ठासायची. कारखाने आले, पितळी काडतुसं आली, एका दमात डझनभर गोळ्या झाडता येऊ लागल्या, तरी दस्ता त्या ठासणीवाल्या माणसाच्या दंडाचाच राहिला.

जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींकडे मी ओढला गेलो तो या एका गोष्टीमुळे. माझा हात लाकडातला आहे. जुन्या खुर्च्या आणि पेट्या दुरुस्त करणं हा माझा सुट्टीच्या दिवसांचा उद्योग. राहतो कनेक्टिकटमध्ये, न्यू हेवन शहरापासून फार लांब नाही. विंचेस्टरचा कारखाना याच शहरात होता आणि तिची मोठी प्रतिस्पर्धी मार्लिन कंपनीही इथलीच, १८७० साली सुरू झालेली. विंचेस्टरच्या जुन्या विटांच्या इमारतींपैकी काहींमध्ये आता लोक भाड्याने राहतात. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत या रायफली टेबलावर मांडलेल्या दिसतात. लोक रिसीव्हर (मधली लोखंडी पेटी) पाहतात, नंबर पाहतात, नळीतून उजेडाकडे डोळा लावतात. दस्त्यावरून हात फिरवतात तो फक्त कौतुकाने. माझं मत उलट आहे. लोखंड कोणत्या कारखान्यात, कधी घडलं ते सांगतं. ती वस्तू कोणाच्या अंगाला लागली होती हे सांगायला लाकूडच लागतं.

अमेरिकेत राहून बंदुकीवर जिव्हाळ्याने लिहिताना मन जड होतं, हे लपवत नाही. न्यूटाउन याच राज्यात आहे. २०१२ च्या डिसेंबरात तिथल्या शाळेत मुलांवर झालेला गोळीबार विसरून मी हे लिहीत नाही. माझ्या घरात बंदूक नाही आणि मला ती नको आहे. तरीही दीडशे वर्षांपूर्वी माणसाने आपल्या अंगाच्या मापाने घडवलेल्या वस्तू म्हणून हे दस्ते मला मोलाचे वाटतात आणि त्यांच्यावर जे काही कोरलं गेलं आहे ते वाचलं जावं असंही वाटतं.

आधी हे लाकूड असतं कुठे ते पाहू. साध्या लष्करी बंदुकीचा दस्ता एकसंध असे, मागच्या टोकापासून नळीच्या खालपर्यंत एकच फळी. लिव्हर-ॲक्शनमध्ये ते जमत नाही. मधली लोखंडी पेटी, म्हणजे रिसीव्हर, लाकडाचे दोन तुकडे करते. पुढे नळीखाली हात धरायचा छोटा तुकडा, मागे दस्ता. रिसीव्हरच्या मागून लोखंडाच्या दोन जिभा निघतात, एक वर, एक खाली. दस्त्याचं निमुळतं तोंड या दोन जिभांच्या मध्ये बसतं आणि वरून खाली एक स्क्रू त्यांना आवळून धरतो. मूठ नेमकी इथेच बसते. म्हणजे जिथे सगळा ताण येतो तिथेच लाकूड सगळ्यात जास्त कोरलेलं, सगळ्यात पातळ. या जागेतून लाकडाच्या रेषा लांबीला धरून गेल्या असतील तर दस्ता शंभर वर्षं टिकतो. त्या तिरप्या कापल्या गेल्या असतील तर घोड्यावरून एकदा पडला की मोडतो. जुना दस्ता हातात आला की मी आधी मुठीच्या बाजूला पाहतो: रेषा कुठून येतात आणि कुठे जातात.

या घराण्याची पहिली खरी यशस्वी रायफल म्हणजे बेंजामिन टायलर हेन्रीची, पेटंट १८६०. शर्टांचा कारखाना चालवणाऱ्या ऑलिव्हर विंचेस्टरच्या कंपनीत हेन्री काम करत होता. पितळेसारखी पिवळी पेटी, २४ इंची नळी, तिच्याखाली १६ काडतुसांची नळकांडी आणि पुढे लाकूड अजिबात नाही. नळकांड्याला खालून फट होती आणि काडतुसं मागे ढकलणारी एक खुंटी त्या फटीतून बाहेर आलेली असे. प्रत्येक गोळीनंतर ती मागे सरकत यायची, म्हणून तिथे लाकूड बसवताच येईना. डाव्या हाताने नळी धरायची तर ती तापलेली, आणि खुंटी वाटेतल्या बोटांवर येऊन अडकायची. १८६६ मध्ये नेल्सन किंगने काडतुसं भरायचं छोटं दार रिसीव्हरच्या बाजूला काढलं आणि हा प्रश्नच संपला. नळकांडं बंद झालं, फट गेली आणि नळीखाली लाकूड आलं. हेन्री आणि १८६६ शेजारी ठेवल्या की पहिला फरक डोळ्यांत भरतो तो हाच. एका शोधामुळे डाव्या हाताला पहिल्यांदा टेकायला जागा मिळाली.

१८६६ पासून तीन रूपं ठरून गेली आणि ती पुढे पन्नास वर्षं चालली: रायफल, कार्बाइन आणि मस्केट. १८७३ च्या मॉडेलवर रायफलीची नळी साधारण २४ इंचांची, कार्बाइनची २०, मस्केटची ३०. दस्त्यांकडे पाहिलं की तिघांचे मालक वेगळे होते हे लगेच कळतं. रायफलीला खोल चंद्रकोर: जमिनीवर उभं राहून, वेळ घेऊन नेम धरणाऱ्याची. मस्केटला पुढे जवळजवळ तोंडापर्यंत लाकूड आणि संगिनीची सोय, कारण गिऱ्हाईक सैन्य. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सरकारने १८७० च्या सुमारास १८६६ मॉडेलच्या ४५,००० मस्केट आणि ५,००० कार्बाइन मागवल्या होत्या. १८७७ च्या प्लेव्हनाच्या वेढ्यात रशियन पलटणी तुर्कांच्या खंदकांजवळ येऊ लागल्या तेव्हा त्यांना रोखण्यात या मस्केटचाही हात होता.

कार्बाइन मला तिघांत सगळ्यात देखणी वाटते. ती घोड्यासाठी आहे. तिच्या बटप्लेटला कोरीची टोकं नाहीत. वळण उथळ आहे आणि पट्टी वरच्या कडेवर गोल उतरते. धारदार टोकं खोगिराच्या चामड्यात अडकतात, घोड्याच्या अंगावर घासतात, आणि धावत्या घोड्यावर कोणी कोपर उंच करून दंडावर कोर टेकवत नाही. दस्ता सरळ, चपटा, कुठेही फुगवटा नाही, म्हणजे चामडी म्यानात तो सरकन जातो नि येतो. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक कडी. तिच्यात पट्टा अडकवून स्वार ती अंगाला टांगून ठेवायचा. या कडीने काही कार्बाइनींच्या रिसीव्हरवर अर्धवर्तुळाकार चरा पाडलेला असतो. मैलोन्‌मैल दुडक्या चालीत कडी डुलत राहिली की तसा चरा पडतो. दस्त्याच्या त्याच बाजूला, खोगीर घासलं तिथे, लाकडाची कड गुळगुळीत झालेली सापडली, तर तो घोडा खरा होता असं समजायला हरकत नाही.

मुठीचे दोन प्रकार होते. बहुतेक रायफलींची मूठ सरळ. लिव्हर बोटांनी खाली ढकलायची आणि परत ओढायची, म्हणून मनगट मोकळं हवं. सरळ मुठीत हात मागेपुढे सरकवता येतो. दुसरी पिस्तुलासारखी खाली वळलेली. ती घ्यायची तर खालची लोखंडी जीभ वाकवावी लागे आणि लिव्हरही त्याच वळणाची घडवावी लागे. म्हणजे एक लाकडी बाक पुरवायला दोन लोखंडी भाग वेगळे करायचे. हे जादा पैशांचं काम होतं. सोबत चांगल्या नक्षीदार रेषांचं अक्रोड, मुठीवर आणि नळीखालच्या लाकडावर बारीक चौकडीची खोदाई. थिओडोर रूझवेल्टने डाकोटातल्या शिकारीसाठी १८७६ ची विंचेस्टर अशीच बनवून घेतली. आपल्याला हवा तसा दस्ता आणि हवी तशी माशी बसवून घेतलेली विंचेस्टर हे आपल्याला मिळालेलं सर्वात उत्तम हत्यार, असं त्याने १८८५ मध्ये लिहिलं. त्या वाक्यात तो दस्त्याचं नाव आधी घेतो. अध्यक्ष व्हायला त्याला अजून सोळा वर्षं होती, पण आपल्या खांद्याचं माप त्याला ठाऊक झालं होतं.

दस्त्याच्या पोटात काय असतं ही आणखी एक गंमत. हेन्री आणि १८७३ च्या बटप्लेटला एक छोटं झडपेचं दार असे. आत लाकडात पोकळी, तिच्यात नळी साफ करायच्या सळईचे तुकडे. क्रिस्टोफर स्पेन्सरने, तोही कनेक्टिकटचाच, १८६० च्या आपल्या लिव्हर रायफलीत काडतुसंच दस्त्यात भरली. मागून एक नळकांडं आत सरकवायचं, त्यात सात काडतुसं. अमेरिकन यादवी युद्धात हीच रायफल आणि हीच कार्बाइन गाजली. स्पेन्सरने १८६३ च्या ऑगस्टमध्ये ती लिंकनला स्वतः चालवून दाखवली. लाकडाच्या माणसाला यात एक धोका दिसतो. आरपार पोखरलेला दस्ता दणकट ठेवायचा तर तो जाड ठेवावा लागतो, आणि स्पेन्सरचा दस्ता खरंच जाड आहे, काहीसा ठोकळ्यासारखा. मेन राज्यातल्या वॉरन इव्हान्स नावाच्या दंतवैद्याने तर १८७० च्या दशकात कमाल केली. त्याने दस्त्याच्या जागी एक फिरता मळसूत्री साठाच बसवला, पहिल्या मॉडेलमध्ये ३४ काडतुसांचा. तिथे लाकूड फक्त झाकणापुरतं उरलं. इव्हान्सची रायफल चालली नाही, १८७९ ला कंपनी बुडाली. चालत्या वस्तूंपेक्षा अशा न चाललेल्या वस्तूंतून मी दस्त्याविषयी जास्त शिकलो. लाकडाला इथे भार पेलायचा असतो, गालाला ऊब द्यायची असते, धक्का जिरवायचा असतो. ती कामं काढून घेतली की रायफल हातात परकी वाटते.

हे लाकूड बहुतांशी अमेरिकेतला काळा अक्रोड. आपल्याकडे काश्मिरी पेट्या होतात त्या अक्रोडाचा हा भाऊबंद, जरा गडद, जांभळट तपकिरी. तो दमट हवेत फारसा वळत नाही, धक्क्याने चिरत नाही आणि रंध्याखाली नीट बसतो. पूर्वी प्रत्येक दस्ता सुतार हाताने तासत असे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात थॉमस ब्लँचर्डने १८२० च्या सुमारास एक विलक्षण लेथ बसवली. एका बाजूला लोखंडी नमुना फिरायचा, त्याच्या उंचवट्यांवरून एक चाक सरकायचं आणि दुसऱ्या बाजूला कापणारं चाक कोऱ्या लाकडावर तोच आकार उतरवायचं. वाकडातिकडा आकार यंत्राने कापता येतो हे या लेथीने दाखवलं. पुढे त्याच तत्त्वावर बुटांचे साचे आणि कुऱ्हाडीचे दांडे निघाले. त्या काळची एक लेथ स्प्रिंगफील्डच्या संग्रहालयात आहे. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. दस्त्याचा आकार किती अवघड आहे हे त्या यंत्राकडे पाहून कळतं: एकही कड सरळ नाही, एकही पृष्ठभाग सपाट नाही. हाताने करायला लागणारं हे काम माणसांच्या हातून कसं सुटलं, याचा विचार सुतारकी करणाऱ्याला सुचल्यावाचून राहत नाही.

कारखान्यातून एका साच्यातले हजारो दस्ते बाहेर पडले, आणि मग माणसांनी ते वेगवेगळे केले. माझ्या मते या विषयाचा जीव इथे आहे.

उत्तरेच्या मैदानांतल्या लकोटा, शायेन आणि इतर लोकांच्या हातात गेलेल्या कार्बाइनींवर पितळी फुल्यांच्या खिळ्यांची नक्षी आढळते. हे खिळे व्यापाऱ्यांकडून मिळत, पेट्यांना आणि खुर्च्यांना मारायचे. दस्त्यावर त्यांच्या ओळी, चौकोन, फुलं. मूठ मोडली असेल तर ओल्या कच्च्या कातड्याने गुंडाळून शिवलेली. कातडं वाळताना आकसतं आणि मोडका दस्ता कोणत्याही गोंदापेक्षा घट्ट धरतं. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत या लोकांकडे हेन्री आणि १८६६ च्या रायफली होत्या, तर त्यांच्याशी लढणाऱ्या अमेरिकन सेनानी कस्टरच्या घोडदळाकडे एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन. १९८३ मध्ये वणव्याने तिथलं गवत जळालं, त्यानंतर झालेल्या उत्खननात रिकाम्या काडतुसांवरच्या ठशांवरून हे पक्कं झालं. १८८१ च्या जुलैत फोर्ट ब्यूफर्डला शरण येताना लकोटांचा नेता सिटिंग बुल याने आपली १८६६ ची विंचेस्टर आपल्या लहान मुलाच्या हातून अमेरिकन अधिकाऱ्याला दिली. ज्या दस्त्यावर माणसाने आपलं चिन्ह उमटवलं, मोडल्यावर तो सांधला, तो कारखान्याच्या नव्या कोऱ्या दस्त्यापेक्षा मला सुंदर वाटतो. आता नकली खिळे ठोकून किमती वाढवायचा धंदा चालतो. तो ओळखायची एक खूण म्हणजे खिळ्याच्या डोक्याखालचं लाकूड. खरं असेल तर तिथे दीडशे वर्षांचा मळ आणि पितळेचा हिरवट डाग मुरलेला असतो. काल ठोकलेल्या खिळ्याभोवती लाकूड स्वच्छ.

कॅनडाच्या वायव्येतल्या घोडेस्वार पोलिसांकडे १८७८ पासून १८७६ मॉडेलच्या कार्बाइन आल्या, .४५-७५ या मापाच्या काडतुसाच्या. नळीखालचं लाकूड खास लांब ठेवलेलं. ती मुठीजवळ मोडते अशा तक्रारी होत्या. त्या कार्बाइनींचे बदललेले, सांधलेले दस्ते, त्यावर दलाच्या नावाचे ठसे, हा एक वेगळाच संग्रह आहे.

चंद्रकोरीचं खरं दुखणं पुढे वाढलं. बंदुकांची रचना करणाऱ्या जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी १८८६ चं मॉडेल केलं ते .४५-७० सारखी मोठी काडतुसं पेलण्यासाठी. धक्का वाढला. कोर दंडावर असली तरी हाड दुखू लागलं, आणि घाईत खोबणीत लागली तर खालचं टोक मुका मार द्यायचं. मग यादीत शॉटगनसारखा सपाट दस्ता जादा पर्याय म्हणून आला, वर कडक रबराची पट्टी. १८९५ च्या मॉडेलला पुढे .४०५ चं काडतूस मिळालं; ते घेऊन रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत सिंहांवर गेला. चंद्रकोरी बटप्लेटच्या .४०५ ची आठवण जुने शिकारी दात आवळून काढत. तरी कोर यादीतून लगेच गेली नाही. गिऱ्हाईक मागत होतं. ज्याच्या बापाने आणि आज्याने कोर दंडावर टेकवून हरणं आणली, त्याला सपाट दस्ता ‘रायफल’ वाटायचा नाही. लोखंडाची दोन युगं बदलली, काळी दारू जाऊन १८९५ मध्ये .३०-३० सोबत बिनधुराची दारू आली, तरी लाकडाचा आकार माणसाच्या सवयीला चिकटून राहिला. १८९४ च्या मॉडेलची कार्बाइन मात्र सरसकट खपत गेली आणि तिच्यामुळेच हळूहळू कोर मागे पडली.

मग लोकांनी करवत घेतली. जुन्या बाजारात असे कितीतरी दस्ते दिसतात: चंद्रकोरीची टोकं सरळ कापून टाकलेली आणि मागे रबराचं पॅड स्क्रूने ठोकलेलं. संग्राहक हे पाहून हळहळतात आणि किंमत अर्ध्याखाली येते. मला असा दस्ता पाहून वाईट वाटत नाही. कोणाचा तरी खांदा दुखत होता. त्याने किंवा त्याच्या मुलाने घरातली करवत घेऊन ते दुखणं थांबवलं. कदाचित पोरगी लहान होती, दस्ता लांब पडत होता, म्हणून दोन इंच कमी केला. हे कापणं त्या रायफलीच्या वापराचा भाग आहे, जसे खिळे आणि कातडं आहे.

संताप येतो तो पॉलिशपेपरचा. विकायच्या आधी दस्ता घासायचा, सगळे डाग काढायचे, कडा गोल करायच्या, वर चकचकीत वार्निशचा थर. नव्या दस्त्यात लाकूड लोखंडाच्या किंचित वर उचललेलं असतं. घासलेल्या दस्त्यात ते लोखंडाखाली बसतं आणि रिसीव्हरच्या कडेला बोट अडखळतं. ती पायरी परत भरून येत नाही. आणि गेलेलं असतं ते लाकूड नुसतं नव्हे. आमच्या गावच्या घरी जात्याचा खुंटा होता, चार पिढ्यांच्या बायकांच्या मुठींनी एका बाजूला झिजलेला. तो घासून नवा करावा असं घरात कधी कोणाच्या मनातही आलं नाही. दस्त्याच्या गालाच्या जागी घामाने काळवंडलेला पट्टा असतो, मुठीच्या उजव्या बाजूला अंगठ्याची झीज, खालच्या कडेला खोगिराने किंवा कुंपणाच्या तारेने पाडलेल्या खाचा. पॉलिशपेपरला हे सगळं मळच वाटतं.

सगळं कसं राखता येतं याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण नेवाडातलं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातल्या पुरातत्त्वज्ञांना एका जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली १८७३ ची विंचेस्टर सापडली. झाडाच्या खोडाच्या रंगात ती इतकी मिसळून गेली होती की वर्षानुवर्षं कोणाला दिसली नाही. नळी गंजून तपकिरी, दस्ता उन्हाने आणि बर्फाने करडा, लांबीला भेगाळलेला, आणि त्याचं टोक, चंद्रकोरीसकट, साचलेल्या मातीत काही इंच रुतलेलं. वायोमिंगमधल्या कोडीच्या शस्त्रसंग्रहालयात ती पाठवली. नंबरावरून कारखान्याच्या वह्यांत सापडलं की ती १८८२ मध्ये बनून बाहेर पडली. कोणाकडे गेली याची नोंद नाही. त्याच सुमारास १८७३ ची किंमत ५० डॉलरवरून २५ वर आली होती, म्हणजे साध्या गुराख्यालाही ती घेता येत होती. कोडीच्या रुग्णालयात तिचा एक्स-रे काढला. रिसीव्हर रिकामं निघालं. दस्त्याच्या पोकळीत, जिथे साफसफाईची सळई ठेवायची, तिथे एक काडतूस होतं,.४४-४० चं, १८८७ ते १९११ च्या दरम्यान बनलेलं. म्हणजे ती तिथे ठेवली गेली १८८७ च्या नंतरच. झाडाचा, बर्फाचा, मातीचा अंदाज जे सांगू शकला नाही ते दस्त्याच्या पोटाने सांगितलं. संग्रहालयाने लाकूड घासलं नाही, तेल पाजलं नाही, नवं केलं नाही. आणखी तुटू नये एवढीच काळजी घेतली आणि ती तशीच उद्यानात परत गेली. खालचा मातीत गाडलेला भाग आणि वरचा उन्हातला भाग यांच्यातली रंगाची रेषा दस्त्यावर अजून आहे.

याच कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. १८७३, १८८६, १८९२, १८९४ अशा मॉडेलांच्या त्यांच्याकडे असलेल्या नंबरांची नोंद पत्राने मिळते: नळी गोल होती की अष्टकोनी, घोडा कसला, दस्ता साधा की खास लाकडाचा, सरळ मुठीचा की वळलेल्या.

आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शेजाऱ्याकडे बापाकडून आलेली १८९२ ची कार्बाइन आहे. मुठीत भेग, गालाजवळ काळा पट्टा, खालच्या कडेला दातांसारख्या खाचा. नातवाला द्यायच्या आधी ती नवी करून द्या म्हणून त्याने मला बोलावलं. भेग मी सांधून दिली: आत गोंद सोडला, दोराने आवळून दोन दिवस ठेवली, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला. पॉलिशपेपर घेतला नाही. त्या खाचा कसल्या असं विचारलं, तर तो म्हणाला, बाप ती ट्रकच्या फळीला टेकवून ठेवायचा, घरापासून कुरणापर्यंत रोज. नातवाला हे सांगितलंय का, विचारलं. नाही म्हणाला. आता नंबर उतरवून कोडीला पत्र पाठवायचं ठरलं आहे, कारण बटप्लेटचे स्क्रू मला जरा नव्या घडणीचे वाटतात आणि तो दस्ता मूळचाच आहे का हे त्यालाही जाणून घ्यायचं आहे.